थंड भट्टीचा धूर

काळा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी माझी नोकरी केलेली नाही. तव्याखालचा काळा वेगळा, कंदिलाच्या काचेवरचा वेगळा, राइस मिलच्या धुराड्यातला वेगळा. आणि ज्याचा मालक सापडत नाही तो काळा या सगळ्यांहून वेगळा. तो बोटाला लागला तर आजही हात धुतल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. लागलं असेल.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी मी नागपूरच्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत चिकटलो. कुणाची तक्रार आली, कुणाला परवाना हवा असला, की हवा तपासायचं काम आमच्याकडे यायचं. मी गोंदियाजवळच्या मुर्रीचा राहणारा, म्हणून जिल्ह्यातली सगळी पायपीट माझ्या वाट्याला. काम सांगायला अगदी सोपं. कमरेएवढ्या उंचीची एक पेटी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी उतरतं छोटं छप्पर. छपराखाली पांढरा स्वच्छ कागद बसवायचा. आतला पंखा हवा ओढतो, हवा कागदातून आरपार जाते आणि तिच्यात जे काही असेल ते कागदावर राहतं. आठ-बारा तासांनी कागद काढायचा, तोही चिमट्यानं, बोट न लावता. पाकिटात घालून नागपूरला न्यायचा. आधीचं वजन लिहिलेलं असतं, आता नंतरचं करायचं. जे वाढलं ते त्या गावानं तेवढ्या वेळात छातीत घेतलेलं.

पण या यंत्राची एक गोम होती. त्याला वीज लागायची. पुस्तकात लिहिलं होतं, यंत्र मोकळ्या जागी ठेवावं, चुलीपासून, धुराड्यापासून लांब ठेवावं. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्याकडची खेडी पाहिली नव्हती. मोकळ्या जागी प्लग नसतो. जिथं प्लग असतो तिथं माणूस असतो, आणि जिथं माणूस असतो तिथं चूल असते. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी ऐन वेळी मी ते विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

गिऱ्हाइकं एकेक भारी भेटायची. गोंदियातल्या एका मिलवाल्यानं मला हात जोडून सांगितलं होतं, "भाईसाहब, मशीन ऑफिस में लगाओ ना. अंदर एसी है, आपकी मशीन को भी आराम मिलेगा." सडक अर्जुनीच्या हायवेवर एका ढाबेवाल्यानं मी जेवायला बसलेलो पाहून यंत्राला झेंडूचा हार घातला आणि छपराखाली अगरबत्ती लावली. त्या दिवशीच्या कागदाला चंदनाचा वास येत होता. नागपूरला वजनकाट्यावर बसणाऱ्या आमच्या मॅडम कडक बाई. त्यांनी कागद नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "पटले, हवा तपासायला गेला होता की सत्यनारायणाला?"

हसण्यावारी न्यायचे असे किस्से मी पुष्कळ सांगतो. हा एक मात्र मी घरातही पुरता सांगितलेला नाही.

ते गाव सौंदडपासून आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली आहे. नाव लिहीत नाही, तिथं अजून तीच माणसं राहतात. दिवाळीत गावकऱ्यांनी देवळाच्या आणि शाळेच्या भिंतींना चुना दिला होता. पौषात तलावावरून धुकं उतरायला लागलं आणि रोज सकाळी त्या पांढऱ्या भिंतींवर काळे ओघळ दिसू लागले. पाऊस नाही, पाणी नाही. मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं की पानांवरून थेंब टपकायचे. ते पंच्यावर पडून वाळले की प्रत्येक थेंबाची बारीक काळी कडी राहायची. शेतात रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्यांवर तेच, वाळत घातलेल्या लुगड्यावर तेच. गावानं तक्रार केली आणि ती तपासायला मी गेलो.

सरपंच धोंडूजी मला भिंतीजवळ घेऊन गेले. साठीचा माणूस, शेतीवाला, बोलायला थेट. तेही त्या भिंतीपाशी आवाज खाली करून बोलले.

"पाहा जी. रोज सकाळी कोनीतरी येऊन भिंतीले डोकं लावून रडून जाते, असं दिसते."

मी ओघळाला बोट लावलं. काळं लगेच बोटावर आलं, ओलं, पाण्यात विरघळल्यासारखं. तेव्हाच मला थांबायला हवं होतं. काजळी धरलेलं भांडं घासलेल्या कुठल्याही बाईला विचारा, काजळी अशी पाण्यात मिसळत नाही, ती पाणी झटकते. पण मी बाई नव्हतो आणि मला संध्याकाळच्या आत यंत्र लावायचं होतं.

प्लग शोधत गाव फिरलो. शाळेचं कनेक्शन कापलेलं, देवळात एकच बल्ब. यंत्राला पुरेल असा जाड वायरीचा प्लग गावात एकाच घरी निघाला. ते कौतिकाबाईचं घर. नवरा-बायको मिळून अंगणात मुरमुऱ्याची भट्टी चालवायचे. नवऱ्यानं भट्टीला वारा घालायला विजेचा पंखा बसवला होता, त्याचा तो प्लग. नवरा नऊ दिवसांपूर्वी वारला होता. दारात पाहुणे बसलेले. मी संकोचलो, तर बाई स्वतः बाहेर आली.

"लावा जी," ती म्हणाली. "आमच्या बुढ्यानं लय हौसेनं बसवला हा पलग. कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

भट्टीपासून बारा पावलांवर मी यंत्र उभं केलं. यंत्र घुमू लागलं. बाईनं चहा मागवला, तो शेजारच्या घरून आला. मी प्यालो. शेजारच्या घरून का आला, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी काही विलायतेतून आलो नव्हतो. सुतकात घरची चूल पेटत नाही, धंद्याची भट्टी तर नाहीच नाही, हे माझ्या घरातल्या लेकरालाही माहीत होतं. पण कामावर गेलेला माणूस अर्धा माणूस घरी ठेवून जातो की काय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दहावा झाला. आमच्याकडे दहाव्याच्या संध्याकाळी, जिथं माणसानं प्राण सोडला त्या जागी पीठ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पाहतात, पिठावर काय उमटलं. पाखराचा पाय, मुंगीची रांग, लेकराचं पाऊल. जशी खूण, तसा गेलेल्याचा पुढला जन्म. तोपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मी सरपंचांकडे मुक्कामाला होतो. उजाडताना कागद बदलायला बाईच्या अंगणात आलो तेव्हा धुकं इतकं होतं की भट्टीचं नुसतं तोंड दिसत होतं, काळं आणि उघडं. घरात बायका टोपलं उचलत होत्या. मी छपराचा खटका काढला.   आतून एक म्हातारी हळूच म्हणाली, "काहीच नाही माय. पीठ जसंच्या तसं हाय."

तेवढ्यात कौतिकाबाई ओसरीत आली. मी छोट्या छपराखालून चिमट्यानं कागद वर उचलत होतो. संध्याकाळी पांढराशुभ्र ठेवलेला कागद काळा झाला होता, मधोमध दाट आणि कडेला फिका. ती जागच्या जागी थबकली.  तिच्या घरात एक पांढरं, माझ्या छपराखाली दुसरं पांढरं. दोन्ही संध्याकाळी झाकलेली, दोन्ही पहाटे उघडलेली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या पिठावर कोनाचे पाय उमटले जी?"

मी थंडीनं काकडलो होतो आणि कागद ओला होण्याआधी पाकिटात घालायचा होता. तोंडाला येईल ते बोललो. "तुमच्याच भट्टीचे, बाई. दुसऱ्या कुणाचे असणार?"

तिनं कागदाला हात जोडले.  मी पाकीट बंद केलं.

आठवड्यानं नागपूरला बसून फॉर्म भरला. जवळचा स्रोत: मुरमुऱ्याची भट्टी. अंतर: बारा पावलांचे मीटर केले. निष्कर्ष: काजळी स्थानिक. भट्टी त्या वेळी पेटलेली होती की नव्हती, यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. ही सबब नाही, फक्त सांगतो. त्यावरून महिन्याभरात सरकारी कचेरीतून भट्टी बंद करण्याचा हुकूम गेला. माझ्या खात्यात एक काम निकाली निघालं.

पावसाळ्यात जुने कागद पुन्हा तपासायचा आमचा रिवाज होता. आषाढात मी जुनी पाकिटं काढून कागद काट्यावर ठेवत गेलो. राइस मिलच्या धुराड्याशेजारी घेतलेले कागद होते तेवढ्याच वजनाचे निघाले. त्या गावचे मात्र जड झाले होते. काटा चुकला म्हणून पुन्हा ठेवले, तर तेच. ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या बरणीत दोन दिवस ठेवले, तर हलके होऊन पहिल्या वजनावर आले. बाहेर काढून ठेवले, तर सकाळी पुन्हा जड. कपाटात बंद पाकिटात पडलेला तो काळा कागद आमच्यामागं श्वास आत घेतोय, बाहेर सोडतोय, असं वाटायला लागलं. चार दिवस मी त्या कपाटाकडे पाठ करून बसत होतो. शेवटी मॅडमना सांगितलं.

मॅडमनी कागद पाहिले, वजनं पाहिली. "पटले, काजळी म्हातारी होते," त्या म्हणाल्या. "माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. चुलीतून निघालेली ताजी काजळी म्हणजे अगदी बारीक मण्यांच्या माळा. फांद्या फुटलेल्या, आतून पोकळ, डोळ्याला न दिसणाऱ्या. तिला पाण्याचं वावडं. हवेत तरंगायला लागली की मात्र तिची दशा बदलते. कोळशाच्या धुरातला वायू, जंगलाचा वास, गाड्यांची वाफ, जे जे वाटेत भेटेल ते तिच्या अंगावर थरावर थर चढत जातं. त्या ओझ्यानं माळ वाकते, मुडपते, शेवटी अंगाचं मुटकुळं करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी गोळा होते. अंगावर चढलेल्या त्या लेपाला पाणी आवडतं. ऊनसुद्धा ती ताज्या काजळीपेक्षा जास्त पिते. आणि धुकं पडायला लागलं की पाण्याला बसायला काहीतरी लागतंच, तेव्हा ते तिच्यावर बसतं आणि तिला घेऊन खाली उतरतं.

"किती दिवस असते वर?"

"आठवडा. कधी जास्त. पाऊस किंवा धुकं खाली आणेपर्यंत."

"म्हणजे ही बारा पावलांवरच्या भट्टीची नाही?"

"बारा पावलांत कुणी म्हातारं होतं का, पटले?" मॅडम म्हणाल्या. "शिवाय भट्टीचा ताजा धूर बारा पावलांवरून आला असता तर तोही या कागदावर असता. तो कुठं आहे? भट्टी चालू होती ना?"

तेव्हा मला शेजारच्या घरून आलेला तो चहा आठवला. धुक्यातलं भट्टीचं उघडं तोंड आठवलं. त्यात राखसुद्धा गार होती. सुतकातल्या एका विधवेच्या थंड भट्टीवर मी धूर लिहून दिला होता.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, रिपोर्ट गेला, आता नवीन तक्रार आल्याशिवाय काही करता येत नाही. मीही फार ताणून धरलं नाही. चूक मान्य करायची म्हणजे माझ्या हातचं काम जायचं, ही भीती होती. लिहायला लाज वाटते, पण दिवाळीपर्यंत मी गप्प बसलो.

दिवाळीनंतर गोंदियाच्या बाजारात धोंडूजी भेटले. मीच विचारलं, गावचं काय म्हणतं. ते मला गर्दीतून बाजूला घेऊन गेले.

"भट्टी बंद हाय जी. तरी काळं येऊनच राहिलं. धुकं पडलं का भिंत रडते." मग म्हणाले, "एक सांगू का? तुमी मशीन लावली तवाबी भट्टी बंदच होती. सुतक होतं ना. साऱ्या गावाले माहीत होतं. पन कागदावर तिचाच धूर आला. तुमच्या सरकारी कागदात लिहून हाय. थंड्या भट्टीतून धूर काढनारी बाई म्हंजे काय, ते सांगाची गरज हाय का?"

"धोंडूजी, असं नसतं हो."

"मंग कागद खोटा हाय का?"

 गावानं हे आपल्या मनानं काढलं नव्हतं, ते मी पुरवलं होतं. भट्टी थंड असल्याचं त्यांना माहीत होतं, धूर तिचा असल्याचं मी सही करून सांगितलं होतं. दोन्ही जोडलं तर उरतं काय? चेटूक. हातपंपावर तिची घागर आली की बायका बाजूला होत होत्या. लेकरांना तिच्या अंगणात जायला बंदी होती. तिला गावातून काढायचं की नाही, यावर परवा सकाळी पाळीवर बैठक होती. धोंडूजींचं मन त्यात नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण अडवायचं तर कशाच्या जोरावर, हे त्यांना कळत नव्हतं.

मी नागपूरला गेलो, कपाटातलं ते पाकीट न विचारता उचललं, सोबत दोन कोरे कागद घेतले आणि बैठकीच्या दिवशी पहिल्या एसटीनं गाव गाठलं.

पाळीवर माणसं बसली होती. धुक्यात मागची रांग नुसती सावल्यांसारखी दिसत होती. मोहावरून थेंब पडत होते, सावकाश, एकानंतर एक. कौतिकाबाई एका बाजूला एकटीच उकिडवी बसली होती, शेजारी रिकामी घागर. वर्षभरात तिचे केस पांढरे झाले होते. माझ्याकडे पाहून तिनं ओळखीचं हसल्यासारखं केलं. ते मला सहन झालं नाही.

मी भाषण केलं नाही. केलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. तिच्याच घरून मूठभर कोंडा आणि धानाचं वाळकं तणस मागवलं, सगळ्यांसमोर पेटवलं आणि कोरा कागद चिमट्यानं धुरावर धरला. कागद काळा झाला. मग पाकिटातला जुना कागद काढला, मागल्या वर्षीचा, दहाव्यानंतरच्या पहाटेचा. दोन्ही शेजारी ठेवले. दोन्ही सारखेच काळे.

"ओळखा," मी म्हणालो. "हा धूर आणि तो धूर एकाच भट्टीचा आहे का?"

 मी तलावाचं पाणी मागवलं आणि बोटानं एक थेंब ताज्या कागदावर सोडला. कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानावर राहतो तसा तो गोल उभा राहिला आणि कागद तिरपा करताच घरंगळून गेला. मग दुसरा थेंब जुन्या कागदावर सोडला. तो जागच्या जागी नाहीसा झाला. कागदानं पिऊन टाकला. मागच्या रांगेतली माणसं उठून पुढं आली. एका म्हातारीनं मला बाजूला सारलं, स्वतःच्या बोटानं एकेक थेंब टाकून पाहिला आणि मग आणखी एकेक.

"हो न बाई," ती म्हणाली. "काजळ असं पानी कधी पेत नाही. हे काही चुलीचं नोहे."

माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा तिच्या त्या वाक्याचं वजन जास्त पडलं.

"मंग हे कोनाचं होय?" धोंडूजींनी विचारलं.

"नाही सांगता येत. लांबचं. आठ दिवसांपूर्वी कुठंतरी पेटलेल्या चुलीचं, भट्ट्यांचं, गाड्यांचं, जळलेल्या जंगलाचं, चितांचं. सगळं मिळून एक झालेलं. वाटेत बदलतं ते. त्याला मालक राहत नाही."

"अन कागदावर हिचं नाव काऊन आलं?"

"ते मी लिहिलं. भट्टी थंड होती, हे मला दिसत होतं. मी लिहिलं नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं, कुणी अंगावर येईल. कुणी आलं नाही. माणसं एकेक करून उठली आणि बोलता बोलता धुक्यात गेली. सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर ती गोष्ट कुणी तोंडावर काढली नाही. धोंडूजी जाताना तिची घागर स्वतः भरून ठेवून गेले, एवढं मी पाहिलं.

ती बसूनच होती. मी समोर बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं.

"मंग त्या दिशी कागदावर तो नोहता जी?"

"कोण?"

"आमचा बुढा. घरच्या पिठावर काहीच उमटलं नाही. तुमच्या कागदावर उमटलं. तुमी म्हनले, भट्टीचे पाय. मी समजली, हा भट्टीवरच आला असन. जिवंतपनी बी भट्टी सोडून कुठी जात नोहता. म्हून भट्टी बंद कराले लोक आले तवा मी चूप राहिली. त्याची खून होती ना जी. खोटी कशी म्हनू?"

वर्षभर गावानं तिला वाळीत टाकलं होतं आणि ती माझं तोंडाला आलेलं एक वाक्य जपून बसली होती. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

"धूर किती दिस राहते वरतं?" तिनं विचारलं.

"आठ-दहा दिवस."

"म्हंजे दहाव्यापावतर त्याचा धूर वरतं होताच."

"होता."

"मंग थोडा तो असन त्या कागदात."

दहा दिवसांपूर्वीचा तो धूर तोवर कुठल्या कुठं गेला असणार, हे मला माहीत होतं. "असेल," मी म्हणालो. ती उठली आणि घागर घेऊन घरी गेली.

मी माझ्या सहीनं चूक लिहून दिली. साहेबांनी मला चांगलंच झापलं, काम मात्र गेलं नाही. मॅडमनी वजनांचा तक्ता जोडून खाली स्वतःची सही केली. वरच्या कचेरीत चपला झिजवल्यावर पुढच्या पौषात भट्टीची बंदी उठली. कौतिकाबाईनं सौंदडच्या एका माणसाकडून निरोप पाठवला, या म्हणून. गेलो तर तिनं माझ्या हातात काडेपेटी दिली.

"तुमी बंद केली. तुमीच पेटवा."

मी पेटवली. कोंड्यानं आग धरली, पंखा घुमला, कढईतली वाळू तापायला लागली. धुराची कांडी मोहाच्या शेंड्याएवढी सरळ वर गेली. तिथं थंड हवेचं झाकण असावं तशी आडवी झाली आणि तलावाच्या पाण्यावरून सावकाश पलीकडे निघाली. पाळीच्या टोकाला पोचेपर्यंत ती आम्हाला दिसत होती. त्यानंतर नुसतं धुकं होतं.

कौतिकाबाई डोळ्यांवर हात धरून तिकडं पाहत होती.

"कुठी जाईन जी हा?"

"वारा नेईल तिकडं."

"अन म्हातारा होऊन कोनाच्या तरी भिंतीवर उतरन."

"उतरेल."

"मंग तिथं कोन्या बाईवर नाव येईन." तिनं भट्टीत मूठभर कोंडा टाकला. मग माझ्याकडे वळली. "तुमी जाता ना जी गावोगाव मशीन घेऊन? तिथं सांगजा, हा कौतिकाबाईचा हाय म्हना. तिथल्या बाईचा नोहे."

तिथं उतरेपर्यंत तो तिचा म्हणून ओळखू येणार नाही, त्याच्या अंगावर साऱ्या मुलखाचे थर चढलेले असतील, हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "सांगतो," म्हणालो.

नोकरीची त्यानंतरची सगळी वर्षं मी प्लग जोडण्याआधी चूल पेटलीय का ते पाहत आलो आणि फॉर्माच्या समासात हातानं लिहीत आलो. मॅडम कधी विचारायच्या नाहीत. गावोगाव पहाटे छप्पर उघडलं की लोक भोवती जमायचे, काळा कागद पाहायचे आणि कुणीतरी एखाद्या घराकडे, एखाद्या बाईकडे नजर टाकून विचारायचंच, साहेब, कोणाचा आहे हो हा धूर?

"कौतिकाबाईचा," मी सांगायचो.

"कोण कौतिकाबाई?"

"आहे एक," मी म्हणायचो. "तुमच्या गावातली नाही."